दळण, छाट आणि चाबूक

पत्र थोडं कापून देते आहे:

"ताई, वय २७. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, चार वर्षं झाली. पगारवाढीचं काढलं की मालक म्हणतात 'दिवाळीला बघू'. अशा तीन दिवाळ्या बघून झाल्या. रात्री जेवण झालं की दहा ते दोन फोनवर 'ओल्ड स्कूल रूनस्केप' खेळतो. माझं खातं आयर्नमॅनचं आहे, म्हणजे दुसऱ्या खेळाडूकडून काही घ्यायचं नाही, सगळं स्वतः कमवायचं. 'अ‍ॅबिसल व्हिप' नावाच्या चाबकासाठी एकाच जातीचे १,४०० राक्षस मारले; मेल्यावर तो एखाद्याच राक्षसाकडून पडतो. पडला नाही. क्लॅनमधल्या, म्हणजे खेळातल्या आमच्या गटातल्या, एका पोराला ३१व्या राक्षसाला पडला. त्या रात्री फोन आपटला. (गादीवर. हप्ते चालू आहेत.) मजा येत नाही, तरी डोळे मिटले की तेच दिसतं. बहिणीच्या साखरपुड्यात अर्धा वेळ गाडीत बसून हेच करत होतो. वडिलांचा जन्म यंत्रमागावर गेला. ते म्हणतात, 'रात्र रात्र बसून काय करलालास रे? काय मिळतं त्यातनं?' मला उत्तर देता येत नाही. सोडू का खेळ? आणि सोडवत का नाही, ते तरी सांगा. — कोरडा, जुळे सोलापूर"

कोरड्या,

नाव झकास घेतलंस. हवी ती वस्तू कधीच पडायला हवी होती आणि अजून हात रिकामेच, याला हे खेळणारे 'ड्राय जाणं' म्हणतात. आपल्या जिल्ह्याला हा शब्द समजावून सांगायला नको.

आधी माझी कबुली. २०२०च्या लॉकडाउनमध्ये भाच्यानं हाच खेळ माझ्या फोनवर घालून दिला. राक्षसांच्या वाटेला मी गेले नाही, मासे धरत बसले. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि मी तिकडे धक्क्यावर उभी राहून शेवंडं पकडतेय! एका शेवंडाचे ९० गुण. मासेमारीच्या ४०व्या पातळीपासून ६०व्या पातळीपर्यंत मी अडीच हजारांवर शेवंडं धरली. एक टिचकी मारायची, पडद्यावरची बाई पिंजरा पाण्यात सोडते, तोवर आपण आमटीला फोडणी द्यायची आणि परत येऊन बघायचं. त्या दिवसांत उद्या काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आकडा मात्र न चुकता पुढे सरकायचा. तेव्हा तुला हसण्याचा अधिकार मला नाही.

सोडवत का नाही, म्हणतोस. त्यासाठी मला माझ्या आईपाशी जावं लागेल.

आई विड्या वळायची. पूर्व भागात आमचा बोळ होता, दारोदारी बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या. पानं भिजवायची, साच्याच्या मापानं कापायची, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. असं हजार वेळा. आईचे हात चालायचे आणि तोंडही चालायचं, शेजारच्या अक्कांशी, निम्मं मराठी निम्मं तेलुगू. त्या हजारांचा तिला कंटाळा आलेला मी कधी पाहिला नाही. माल द्यायला जायची वेळ झाली की मात्र ती गप्प व्हायची. तिथं तपासणारा माणूस मूठभर विड्या उचलायचा, बोटांनी दाबायचा आणि छाट काढायचा. छाट म्हणजे नापास केलेल्या विड्या. कधी तीस, कधी ऐंशी. का, ते विचारायचं नाही. त्यांची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी शाळेत शिकण्याआधी त्या ओट्यावर ऐकली.

तुझ्या खेळातल्या त्याच त्या कामाला तुम्ही 'ग्राइंड' म्हणता. आपल्याकडे त्याला अस्सल शब्द आहे, दळण. आणि या दळणात छाट निघत नाही. हे मला शेवंडं धरताना कळलं आणि मी हातातला झारा तसाच धरून क्षणभर उभी राहिले. धरलं ते शेवंड मोजलं गेलं. तोडलं ते झाड मोजलं गेलं. कुणी मूठ भरून उचलत नाही, दाबून बघत नाही.

हा खेळ आला जानेवारी २००१मध्ये, इंग्लंडातल्या गोवर बंधूंनी बनवलेला. पुढे तो बराच बदलला. जुन्या खेळाडूंना जुनाच हवा होता, म्हणून २००७चं रूप काढून २०१३मध्ये 'ओल्ड स्कूल' म्हणून पुन्हा सुरू केला आणि २०१८पासून तो फोनवर आहे. त्यात कोणतंही कौशल्य पहिल्या पातळीवरून दुसरीवर न्यायला ८३ गुण लागतात. ९९व्या पातळीला लागतात १,३०,३४,४३१. दर सात पातळ्यांमागे लागणारे गुण साधारण दुप्पट होतात. म्हणून ९२वर पोचलास तेव्हा तुझे ६५,१७,२५३ गुण झालेले असतात, म्हणजे निम्मी वाट. ९८वरून ९९वर जायला एकट्या त्या पायरीला १२,२८,८२५ गुण, आणि पहिलीपासून ७५व्या पातळीपर्यंतचं सगळं मिळून १२,१०,४२१. शेवटची एक पायरी पहिल्या चौऱ्याहत्तर पायऱ्यांपेक्षा उंच! हे निर्दय आहे. पण आधीच लिहून ठेवलेलं आहे, ज्याला हवं त्यानं बघावं. 'दिवाळीला बघू' असं तिथं कुणी म्हणत नाही.

दिवसभर तू ट्रक भरून देतोस. माल वेळेत गेला तर त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, एक खोकं चुकलं तर सगळे बोलतात. तुझ्या चार वर्षांचं दळण कुठे मोजलं गेलंय, हे तुला दिसत नाही. मग रात्री दहाला असं ठिकाण उघडतं, जिथं प्रत्येक फेरीचा आकडा समोर पडतो. माणूस तिथं जाणारच. यात तुला मूर्ख म्हणावं असं मला काही दिसत नाही, आळशी तर त्याहून नाही. आळशी माणूस १,४०० वेळा काहीच करत नाही.

आता आकडा दाखवण्यातही कारागिरी असते, हे सांगून ठेवते. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४मध्ये आला. त्याच्या चाचणीच्या काळात फार वेळ खेळणाऱ्याचे गुण निम्मे होत. हेतू हा, की लोकांनी उठून विश्रांती घ्यावी. लोक चिडले, आमची कमाई कापताय म्हणाले. मग बनवणाऱ्यांनी हिशोब तोच ठेवला आणि पाट्या बदलल्या. निम्म्याला म्हटलं शंभर टक्के, आणि पूर्ण होतं त्याला म्हटलं विश्रांती घेऊन आल्याबद्दल दुप्पट. लोक खूश. छाट तीच, पण बक्षीस म्हणून दिली तर गोड लागते. आणि २००२मध्ये थट्टा म्हणून 'प्रोग्रेस क्वेस्ट' नावाचा खेळ आला होता, त्यात खेळणाऱ्यानं एकदा सुरू केलं की पुढे काहीच करायचं नाही, पात्र आपलं आपण लढतं आणि आकडे चढत राहतात. लोकांनी तोही चालू ठेवला. तेव्हा चढता आकडा आपल्याला आवडतो, त्यामागे मेहनत असो वा नसो, एवढं माझ्याविरुद्ध मीच मांडून ठेवते.

पण तुझं दुखणं इथलं नाही. तू राक्षस मारतोयस खरा, पण दळण केव्हाच थांबलंय. तू सोडत लावून बसलायस.

तो चाबूक पडण्याची शक्यता दर राक्षसामागे ५१२त एक. हे वाचून सगळ्यांना वाटतं की ५१२वा मारला की पडला. तसं नसतं. प्रत्येक राक्षस म्हणजे नव्यानं काढलेली चिठ्ठी. शंभर जणांनी ५१२-५१२ मारले, तरी त्यातले ३७ जण रिकाम्या हातानं उभे असतात. १,४०० मारल्यावरही शंभरात सहा-सात जण राहतात आणि त्यांत तू आहेस. आता त्या पोराचा हिशोब बघ, ज्याच्यामुळे फोन गादीवर गेला. ३१ राक्षसांच्या आत चाबूक मिळण्याची शक्यता किती? शंभरात सहा. म्हणजे तो जेवढा नशीबवान, जवळजवळ तेवढाच तू कमनशिबी, तराजूत घालावं तर काटा मध्यावर राहील. त्याच्या हातात तुझा चाबूक गेलेला नाही.

आणि १,४०१वा? पुन्हा ५१२त एक. राक्षसाकडे तुझी वही नसते.

लहानपणी गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर मी रिंग टाकायच्या स्टॉलवर साठवलेले सगळे पैसे घालवले होते. साबणाची एक वडी मांडून ठेवलेली, रिंग दर वेळी तिच्या कडेला लागून घरंगळायची. 'आता बसणारच' असं वाटायचं, कारण इतक्या टाकल्या होत्या. आई शांतपणे म्हणाली, "एवढ्यात दुकानातून दोन वड्या आल्या असत्या." मी त्या स्टॉलवाल्यावर नाही, आईवरच चिडले होते. बक्षीस कधी मिळेल हे ठरलेलं नसलं, की हात थांबत नाही. गेल्या शतकाच्या मध्यात स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच पाहिलं. दाणा कितव्या टोचीला येईल याचा नेम नसलेली कबुतरं टोचतच राहायची. साबणाच्या वडीसमोर मी कबूतरच होते, फक्त फ्रॉक घातलेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. पातळी चढवताना खेळ तुला सवय लावतो, की घातलेला प्रत्येक दाणा मोजला जाईल. मग तो तुला त्याच खुर्चीत, त्याच चढत्या गुणांच्या पट्टीसमोर सोडतीला बसवतो. तू सवयीनं १,४०० दाणे घातलेस आणि आता पिठाचा हक्क सांगतोयस. तुझी चिडचिड ही फसवल्या गेलेल्या मजुराची आहे. सोडतीचं तिकीट घेणाऱ्याला इतका राग येत नाही, त्याला आपण तिकीट घेतलंय हे ठाऊक असतं.

त्यात दुकान तू स्वतःच बंद करून घेतलंस. साध्या खात्यावर हाच चाबूक खेळातल्या बाजारात सोन्याची नाणी मोजून विकत मिळतो. आयर्नमॅन हा तुझा नेम, कुणी लादलेला नाही. तो नेम सोडून खातं साधं करून घेता येतं, हे तुलाही ठाऊक असेल आणि क्लॅन काय म्हणेल हेही. माझं मत विचारशील तर सोडू नकोस, निदान रात्री दोनला चिडून तर नाहीच. स्वतःच्या हातानं सगळं कमावलंय हाच त्या खात्यात तुझा आनंद आहे, तो एका चाबकापायी घालवलास तर दुसऱ्या दिवशी चाबूक हातात असेल आणि काय करायचं ते सुचणार नाही. नेम ठेव. चाबकाचा नाद मात्र काही दिवस बाजूला ठेव. त्याच्यावाचून खेळ अडत नाही. मासे धर, झाडं तोड, जिथं पट्टी खरी सरकते तिथं महिनाभर राहा. चिडचिड त्या चाबकाचीच असेल तर ती महिन्यात उतरेल. तरीही उतरली नाही, तर खेळच तुला पुरे झालाय, मग बंद करायला माझं पत्र लागणार नाही.

चाबकाकडे परत गेलास, तर 'पडेपर्यंत' हा शब्द टाकून दे. सुरू करण्याआधी आकडा ठरव. चाळीस राक्षस, मग बंद. पडो न पडो. सोडतीला शेवट नसतो, तो बाहेरून आणावा लागतो. आणि दोन वाजता झोपून सकाळी एमआयडीसीत ट्रकच्या नंबरांशी झटणं हे किती दिवस जमणार? बारा ही वेळ ठीक आहे. ती मोडलीस तर मला कळणार नाही, तुझ्या डोळ्यांना कळेल.

अजून एक विचारते. त्या चौदाशेतले किती राक्षस तू क्लॅनशी बोलत बोलत मारलेस? जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, कारण दळण एकट्यानं मुक्यानं करायची गोष्टच नव्हती. माझा अंदाज असा, की ३१व्याला त्या पोराला चाबूक पडला त्या रात्रीपासून तू क्लॅनमध्ये बोलणं बंद केलंयस. चुकीचा असेल तर सोडून दे. बरोबर असेल तर त्याचं आधी अभिनंदन करून टाक, ते राहिलंय.

'व्यसन' हा शब्द तू लिहिला नाहीस, वडिलांच्या मनात असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२पासून खेळाच्या विकाराची नोंद आहे. त्यात बघतात ते हे: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याआधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही चालूच राहतो, आणि साधारणपणे हे वर्षभर चाललेलं असतं. किती तास खेळता, एवढ्यावरून ते ठरत नाही. पत्रावरून निदान करणारी मी कोण? नोकरी सांभाळतोस, हप्ते भरतोस, स्वतःवर विनोदही करतोस. मला खटकलं ते फक्त साखरपुड्याचं वाक्य, जे तू घाईघाईत मध्येच लिहून टाकलंस. अशी आणखी वाक्यं असतील, पत्रात न आलेली, तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या, नंबरावर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तिथं कुणी 'कसला खेळ?' म्हणून हसणार नाही.

आता कारखान्याचं. तू सल्ला मागितला नाहीस, तरी देते, सदर माझं आहे. तुझ्या कामाची वही तूच ठेव. रोज किती माल गेला, किती वेळेत गेला, परत किती आला, ट्रक थांबून राहिला तर कुणामुळे. दोन ओळी, घरी निघताना. मालक ठेवणार नाहीत, त्यांना ती न ठेवण्यातच सोय आहे. दिवाळी यायच्या आत, दसऱ्याच्या सुमाराला ती वही टेबलावर ठेव आणि आकडा सांग, 'बघा' म्हणू नकोस. वाढ मिळेलच असं मी म्हणत नाही. नाही मिळाली तर तीच वही घेऊन दुसऱ्या कारखान्यात जाता येतं. माझ्या आईनं पुढे पुढे वही ठेवली होती, माझ्याकडून लिहून घ्यायची, तारखेवार किती छाट निघाली ते. एकदा अक्कांना बरोबर घेऊन ती वही तिनं कारखान्यात दाखवली. छाट बंद झाली नाही. ऐंशीची मात्र पुन्हा कधी निघाली नाही.

राहिले वडील. त्यांना 'तुम्हाला नाही कळायचं' म्हणू नकोस, कारण या घरात दळण सगळ्यांत जास्त त्यांनाच कळतं. एखाद्या रविवारी त्यांच्याजवळ बस आणि तो पातळ्यांचा तक्ता दाखव, ८३पासून १ कोटी ३० लाखांपर्यंतचा. मग विचार, एका पाळीत किती चादरी निघायच्या, धागा तुटून माग थांबला की ती वेळ कुणाच्या खात्यावर पडायची, नग मोजायला कोण यायचं आणि तो कसा मोजायचा. ते बराच वेळ बोलतील असा माझा होरा आहे. मधेच ते पुन्हा विचारतील, "पण मिळतं काय?" तेव्हा म्हण, "मोजून मिळतं." त्यावर ते काय म्हणतात ते मला ऐकायचंय. कळव.

आणि साखरपुड्याचे फोटो आले असतील एव्हाना. बहिणीला मागून घे आणि तू किती फोटोंत आहेस ते मोज.

— तुझी ताई